पुस्तकातला घोडा

— नाही बाई, हरवलेलं नाही पुस्तक, कपाटातच आहे, खालच्या कप्प्यात, माझ्या डब्याच्या मागं. तुम्ही तीनदा आलात आणि तीनदा मी 'बाहेर गेलंय' म्हणाले, ते खोटं होतं. बसा ना. शाळेतून सरळ इकडंच आलेल्या दिसता, बोटांना खडू तसाच आहे. पेपर वाचणारे म्हातारे उठून गेले, आता सहापर्यंत कोणी यायचं नाही, म्हणून सांगते — ते पुस्तक नका नेऊ. त्याऐवजी ही रहस्यकथा न्या, चांगली आहे. पहिल्या पानावर कोण्या दीडशहाण्यानं पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, मी खोडलंय. आपल्या पूर्णेच्या वाचकांना ही खोड लय आहे. नवीन रहस्यकथा आली की मी आधी घरी नेते, वाचते, आणि दर वेळी परत आली की खोडरबर घेऊन बसते. तुम्हाला हसू येतंय, पण या वाचनालयात अकरा वर्षं हेच काम करतेय, देवघेवीचं.

रहस्यकथा हलकी असते म्हणता? म्हणतात सगळे. मीही म्हणायचे. मॅट्रिकच्या वर्षापासून मी आवडीनं वाचायची त्या ऐतिहासिक कादंबऱ्याच — जाडजूड, कापडी बांधणीच्या, वाचताना मांडी दुखायची. त्यातल्या बायका कशा, शेला सावरत सज्जात येणार, डोळ्यांत अंगार, आणि बोलणार तर असं की समोर फोटो काढणारा उभा आहे. कोणाला सर्दी नाही, कोणाची चप्पल तुटत नाही. घोडा तर कायम तयार. मला ते सगळं खरं वाटायचं बघा, कारण खाली तारखा असायच्या. तारीख दिसली की माणूस विश्वास ठेवतो. आणि रहस्यकथावाला? तो पानोपानी फसवतो, बागेतल्या माळ्यावर संशय घ्यायला लावतो — पण शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून सांगतो की नाही, काय झालं, कोणी केलं? ऐतिहासिकवाल्याला ते शेवटचं प्रकरण नसतंच. त्यानं कोणाचं काम कोणाच्या नावावर घातलं, ते विचारायला कोणी येत नाही. मी तरी आता ऐतिहासिक सोडली. दोन-अडीच आठवडे झाले.

तेच पुस्तक, हो. त्याच्यामुळंच. तुम्हाला एकशे बारावं पान पाहिजे ना — मुलींकडून बसवून घेणार आहात, सतरा सप्टेंबरला, निजामाचं राज्य जाऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून. माहीत आहे मला, तुमच्या वर्गातली पंचफुला सांगून गेली. रझाकारांच्या नाक्यावरून वाड्यातल्या मालकीणबाई घोडा फेकत जातात आणि रानात लपलेल्या अकरा जणांना भाकरी पोचवतात, तोच प्रवेश. छान लिहिलाय. पण बाई, त्या दिवशी घोडा नव्हता, मालकीणबाईही नव्हत्या. ती माझी आई होती. सरजाबाई. आहे अजून, स्टेशनामागं आमच्या घरी आहे.

पाटी होती तिच्या डोक्यावर. खाली भाकरी, त्यावर फडकं, त्यावर गोवऱ्या. आमचं गाव चुडाव्यापासून दीड कोस, ओढ्याच्या पलीकडं दाट बाभळी, त्यात ते अकरा जण. आमच्या वस्तीतल्या तीन घरांनी मिळून भाकरी थापल्या होत्या. तेव्हा आम्ही बौद्ध नव्हतो झालो, तेव्हाच्या नावानं आम्हाला गाव हाका मारायचं, ते नाव तुम्हाला माहीत आहे. त्या अकरांत देशमुखांचा एक होता, वाण्याचा एक होता, आणि सगळ्यांनी आमच्या घरची भाकरी खाल्ली. मी बारा वर्षांची, आईच्या मागं पाण्याची घागर घेऊन. नाक्यावर बंदूकवाल्यानं अडवलं. म्हणाला, थांब, जमादार येऊ दे. आई थांबली. ऊन कसलं, डोक्यावर एवढं ओझं, आणि बाईनं पाटी खाली ठेवली नाही. का? तर एकदा खाली ठेवली की परत डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. माझा हात पुरायचा नाही, आणि तिथं बसलेल्या गावातल्या माणसांतलं आमच्या पाटीला कोण हात लावणार? मग पाटी तिथंच राहिली असती, कोणीतरी लाथेनं उलथली असती. म्हणून ती उभी राहिली. जमादार आला, 'गोबर है, जाने दो' म्हणाला, तोवर तिच्या मानेवरची शीर अशी तटतटून आली होती. ती मान अजून धड वळत नाही. कोणी हाक मारली की सगळी वळते.

आणि पुस्तकात काय आहे? घोडा. लगाम खेचला, टापांचा धुरळा, बंदूकवाला मागं सरला. भाकरी मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातल्या. आमची वस्ती सगळ्या पुस्तकात एकदाच येते, आगीत. मला असा राग आला होता त्या लेखकाचा — माणूस इथं येऊन गेला होता, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसला होता, चहा घेतला माझ्या हातचा, 'तुम्ही सांगा बाई' म्हणाला. आयुष्यात मला कोणी 'तुम्ही सांगा' म्हटलं नव्हतं. आणि मग असं करायचं?

आईला वाटत होतं, आपण पुस्तकात येणार. मीच घरी जाऊन सांगितलं होतं तिला. चार वर्षं वाट बघितली तिनं. शेजारी सत्यशीलाच्या सासूला सांगायची, 'आमचं आता छापून येणार हाय.' पुस्तकांचं पार्सल आलं, मी सगळ्यात आधी हेच उचललं, आणि रोज सकाळी, दाराशी उजेडात बसून तिला वाचून दाखवायला लागले. रोज विचारायची, 'माझं कवा येतंय?' मी म्हणायची, येतंय, येतंय. मी पुढं चाळलं नव्हतं. खरंच नव्हतं. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी बघत नाही तसं. आणि एकशे बारावं पान आलं.

मी काय करणार होते, सांगा. घोड्याच्या पहिल्या ओळीवर डोळे गेले आणि मी तोंडानं पाटी वाचली. गोवऱ्या वाचल्या. बंदूकवाला, जमादार, मानेवरची शीर, सगळं सरळ वाचत गेले, पुस्तकी भाषेत, ती ऐकत होती, हात मांडीवर. संपलं. मला वाटलं, तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तर म्हणाली, 'त्वा पान उलटलं न्हाईस.'

एवढंच. अक्षर येत नाही बाईला, अंगठा लावते. पण महिनाभर माझ्या हाताकडं बघत बसलेली. 'इतकं बोललीस, पान येकच. पुस्तक बोलंना, तूच बोलायलीस. त्यात काय लिवलंय ते वाच.' रहस्यकथेतला कोणी हुशार इन्स्पेक्टर असं पकडणार नाही. मी वाचलं. घोडा वाचला.  शेवटी तिनं एवढंच विचारलं, 'लिवणाऱ्याला ह्ये कोन सांगितलं?'

— काय पाहता असं? हो. मीच सांगितलं.

लेखकांनी घातला नाही घोडा. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, आता तोंडातून गेलं तर गेलं. मी सुरुवात केली, 'आमच्या गावात एक बाई होती', आणि त्यांनी पेन उचलून विचारलं, 'कुणाच्या घरातली?' साधा प्रश्न होता हो, सहज विचारलेला. पण मला त्या खुर्चीसमोर, कपाटातल्या सगळ्या कापडी पुस्तकांसमोर, 'शेणाची पाटी' म्हणवेना. वाटलं, हे लिहितील कशाला? गोवऱ्यांवर कोण कादंबरी लिहितं? मी हजारो पानं वाचलेली, मला माहीत की बाई कशी असावी लागते. मी म्हणाले, वाड्यातल्या मालकीणबाई. मग पाटी कशी चालेल, म्हणून घोडा. त्यांनी रंगसुद्धा विचारला. मी पांढरा सांगितला. आणि आईचं एखाद्या ओळीत येईल, सोबत होती म्हणून, असं मीच मनाशी धरलं. त्या माणसानं मी दिलं ते लिहिलं.

आई भांडली नाही. त्या दिवसापासून माझ्या हातची भाकरी खात नाही. मी वाढलेली बाजूला सारते, स्वतः पीठ मळते, स्वतःपुरती थापते. आज सतरावा दिवस. पुस्तकातल्या त्या पानावर मी पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं, समासात, खुन्याचं लिहितात तसं. मग वाचनालयाचं पुस्तक आहे म्हणून खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं.

तर तुम्ही मुलींना पाटी द्या, बाई. पाटी आमच्या घरून मी आणून देते. नुसतं उभं राहायचं आहे त्या पोरीनं, काही बोलायचंही नाही —

काय म्हणालात?

घोडा तयार झालाय. पुठ्ठ्याचा. शेपटीला ताग लावलाय — आणि मालकीणबाई होणारी मुलगी समारंभाच्या अध्यक्षांचीच नात आहे. बरोबर आहे. आमंत्रणपत्रिकाही छापून आल्या, नाही का. नाही, तुमचं काही चुकलं नाही, आता कसं बदलणार. आईला पहिल्या रांगेत खुर्ची? नको. तिला मान वर करून बघायला जमत नाही.

थांबा, काढते.

इथं सही करा, माझ्या नावाखाली. तारीख घाला. एकशे बारावं पान जरा हलक्या हातानं उलटा, समासात कागद झिजलाय. निघा आता, मला कुलूप लावायचंय.