कमी पळालेली गाडी

...आणि वर मलाच विचारतो, "काका, या गाडीला कधी कुणी दोरी बांधून ओढलंय का?" आता तुम्हीच सांगा, माणसाने यावर काय उत्तर द्यायचं? चाळीस लाख मोजून घेतलेली गाडी, विजेवर चालणारी, परदेशी, आत बसलं की सीट आपली पाठ चोळून देते, आणि हा पोरगा मांडीवर लॅपटॉप घेऊन विचारतोय, ओढलंय का! मी म्हटलं, "छे, कोण ओढेल?" तर स्क्रीन माझ्याकडे वळवतो आणि म्हणतो, "काका, इथे दिसतंय ना. मोटर बंद आणि चाकं फिरतायत. ताशी तीन किलोमीटर. मध्ये दोनदा थांबलीय." थांबणारच ना हो! सरदार थांबला होता. सरदार म्हणजे आमचा बैल.

हसू नका, हसू नका. बसा असे. तुमचीही गाडी चार्जिंगला लावलीय ना? मग पाऊण तास तुम्ही कुठे जात नाही आणि मीही नाही. पहिल्यापासून सांगतो.

मी काशिराम, राहणार करंजाडे. तिथे आता सात-सात मजल्यांच्या बिल्डिंगी दिसतात ना, तिथे आमचा भात व्हायचा. जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉट बिल्डरला दिला, पैसे आले, आणि पैशाच्या मागोमाग आला भावेश. भावेश माझा पुतण्या. कळंबोलीत जुन्या गाड्यांचा धंदा करतो. म्हणाला, "काका, नवी असताना कोटीची होती, तुम्हाला चाळीसला देतो. डॉक्टरची गाडी आहे. आणि मीटर बघा! तीन हजार नऊशे! जुन्या गाडीत रंग बघायचा नाही, मॉडेल बघायचं नाही, किलोमीटर बघायचे. मीटर असाच ठेवलात ना, तर तीन वर्षांनी चाळीसलाच विकून देतो. नाहीतर मग एकेका किलोमीटरला किंमत उतरली समजा." मी विचारलं, "एकाला किती?" तो म्हणाला, "धरा अडीचशे." हे त्याने उगाच तोंडाला येईल ते सांगितलं असणार, पण माझ्या डोक्यात तो आकडा बसला तो बसलाच!

गाडी दारात आली. शशिकलाने, म्हणजे आमच्या मंडळीने, ओवाळली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "बाबांना एकदा बसवून आणूया ना."

बाबा म्हणजे माझे सासरे, चांगो. उरणला असतात. वय चौऱ्याऐंशी. सगळा जन्म मिठागरात गेला, आणि हौस एकच, बैलांच्या शर्यती. कुणीतरी त्यांना सांगितलं, जावयाने आवाज न करणारी गाडी घेतलीय. त्यांनी निरोप धाडला, "आवाज नाय नि पलते? मग ती गाडी नाय, भूत हाय. एकदा बसव मना."

आता करंजाडे ते उरण तीस किलोमीटर. जाऊन-येऊन साठ. साठ गुणिले अडीचशे... पंधरा हजार! अहो, पंधरा हजारांत मी सासऱ्यांना विमानात बसवीन! मी शशिकलाला म्हटलं, "अगं, किलोमीटर वाढतात!" आमची शशिकला भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग गाडीला पत्र्याची शेड बांधली. वर कव्हर. आणि चार्जिंगची वायर कायमची लावलेली, दिवस-रात्र, बारा महिने. समोर आकडा शंभर दिसला की मला जेवण जायचं. नव्व्याण्णव दिसला की चुकल्यासारखं वाटायचं. आपल्याकडे पाहुणा आला तर त्याला अर्धपोटी ठेवतो का आपण? नाही ना? मग!

लोक विचारायचे, "काशिराम, गाडी काढत नाहीस?" मी म्हणायचो, "किलोमीटर वाढतात!"

पण मी गाडीतून फिरलो नाही असं समजू नका हं. रोज फिरलो! दुपारी जेवण झालं, सोलकढी पोटात गेली, की मी कव्हर अर्धं वर करायचो आणि आत शिरायचो. दार लावलं... ठप्. आणि तुम्हाला सांगतो, अख्खं करंजाडे मुकं व्हायचं. न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलर मुके, समोरच्या बिल्डिंगीचा काँक्रीट मिक्सर मुका, त्याची नुसती गरगर दिसायची. गारवा सोडायचा, सीट पाठ चोळायला लागायची, आणि समोरच्या मोठ्या नकाशावर मी बोट ठेवायचो. करंजाडे. मग हळूच पेण... वडखळ... नागोठणे... बोट पुढे सरकतंय, डोळे मिटतायत, स्टेअरिंगवर हात आहे, वळण आलं की मी वळतोय, बरं का! दोन्ही बाजूला भातं पिकलेली, पिवळी पिवळी, आणि आवाज कसलाच नाही, आपण नुसते तरंगत चाललोय... मग काचेवर टकटक. शशिकला. हातात कप.

"कुठवर पोचलात?"

"महाड."

"मग चहा घेऊन घ्या. पुढे घाट आहे."

अशी बाई! एका शब्दाने कधी म्हणाली नाही, की हा काय वेडेपणा. मी मालवणपर्यंत जाऊन आलो असा. दोनदा! मीटर? तीन हजार नऊशे!

एकदा ती स्वतःच येऊन शेजारी बसली. पदराला हात पुसले, बेल्टसुद्धा लावला. म्हणाली, "आज मी सांगते तिकडे." मी म्हटलं, "सांग." ती म्हणाली, "उरण." मी बोट ठेवलं. जासई... नवघर... तिने डोळे मिटले. म्हणाली, "हळू घ्या, आता आमची आळी आली. बाबा ओट्यावर बसलेत. हॉर्न वाजवा." आणि मी वाजवला हो! पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी एवढा मोठा हॉर्न वाजला, समोरची रोहिणी वहिनी पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली, काय झालं म्हणून. शशिकलाने डोळे उघडले, बेल्ट काढला आणि भांडी घासायला गेली. खरंच सांगतो, ओठांवर आलं होतं, की ऊठ, आत्ता काढू गाडी. पण मग मीटर दिसला. किलोमीटर वाढतात...

मग आलं धनेशचं लग्न. धनेश, मोठ्या भावाचा मुलगा. हट्ट धरून बसला, वरात काढायची तर काकाच्याच गाडीतून. भाऊबंदांत नाही कसं म्हणणार? आमच्याकडे वरात म्हणजे देवळापासून निघून गाव ओलांडून मैदानापर्यंत, चार किलोमीटर नाचत. चार गुणिले अडीचशे, हजार. तुम्ही म्हणाल, हजार रुपये पुतण्याच्या लग्नात जाऊ दे. बरोबर आहे! पण सवय लागली होती ना. रात्रभर विचार केला आणि सकाळी गोठ्यात सरदार दिसला.

सरदारची गोष्ट वेगळीच. त्याचा बाप सगळ्या किनाऱ्यावर नावाजलेला. म्हणून वासरू असतानाच मी त्याला भरपूर पैसे देऊन आणला. दिसायला राजा. वशिंड बघत राहावं असं. पण पळायचं नाव नाही! पहिल्या शर्यतीला सगळे बैल वाळू उडवत गेले आणि हा समुद्राकडे तोंड करून रवंथ करत उभा राहिला. आठ वर्षं झाली. विकायला काढला तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो, "किती शर्यती पळालाय?" एकही नाही म्हटलं की उठून जातो. बघा ना गंमत, बैलाची किंमत तो किती पळाला त्यावर, आणि गाडीची किंमत ती किती नाही पळाली त्यावर! मी म्हटलं, जुंपा दोघांना एकत्र.

सरदार, आणि जोडीला शेजारचा एक बैल. शिंगं रंगवली, झुली घातल्या, दोर गाडीच्या पुढच्या कडीला. गाडी बंद! नवरदेव वरच्या उघड्या काचेतून अर्धा बाहेर, पुढे बँडवाले, आणि लोकांना वाटलं काशिरामने काय डोकं लावलंय, काय थाट आहे! पोरांनी मोबाइलवर शूटिंग केलं. सरदार दोनदा रस्त्यात थांबला, रवंथ केला, पुन्हा निघाला. आणि मैदानात पोचल्यावर मी वाकून बघितलं... मीटर जागचा हलला नव्हता! नवरदेवापेक्षा मी जास्त नाचलो.

ते शूटिंग फिरत फिरत उरणला गेलं. सासऱ्यांचा शशिकलाला फोन. "काय गो, गाडीला बैल जुपलं? मग गाडी काय करते?" आणि पुढे म्हणाले, "जावयाला सांग, दावणीला बांधलेला बैल आखडतो. मंग तो बैल असू दे नाय तर गाडी." शशिकलाने मला तसंच्या तसं सांगितलं. मी हसलो. म्हटलं, बाबांना गाडीतलं काय कळतं!

आणि मग तीन वर्षं भरली. भावेशने गिऱ्हाईक शोधलं, आणि गाडी तपासायला आला हा कुमार. पुण्याचा पोरगा, नम्र, चपला बाहेर काढून गाडीत बसला. मी ऐटीत मीटर दाखवला. तीन हजार नऊशे अठरा. तीन वर्षांत अठरा किलोमीटर! त्याने एकदा बघितलं, "छान" म्हणाला आणि कुठेतरी खाली वायर खुपसली. अर्धा तास टकटक, टकटक. मग तो ओढण्याचा प्रश्न. मग म्हणाला, "काका, बॅटरी एकाहत्तर टक्केच राहिलीय."

"अरे, शंभर दिसतंय की!"

"ते भरलेलं आहे. भांडंच लहान झालंय."

मी म्हटलं, "पण चालवलीच नाही रे मी!"

"तेच ना काका. पत्र्याखाली उन्हात, कायम फुल भरून, तीन वर्षं उभी. टायर बसलेत. वायरी उंदरांनी खाल्ल्यात. आणि बंद गाडी ओढलीत, त्यामुळे मोटरही उघडून बघावी लागेल." मग मोबाइलमध्ये फोटो दाखवला. "हीच गाडी, हाच रंग, पुण्यात आहे. ब्याण्णव हजार किलोमीटर. बॅटरी एक्क्याण्णव टक्के. ती सव्वीसला गेली. तुमचे सोळा देतील."

ब्याण्णव हजार! तो माणूस माझ्या मालवणला खरोखर कितीदा जाऊन आला असेल! आणि दहा लाख जास्त त्यालाच! मी ओट्यावर बसलो.

शशिकलाने कुमारला चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे चालवली असती तर चाललं असतं?"

"काकू, थोडी-थोडी चालवली असती तर चांगलंच झालं असतं."

ती आत गेली. बाहेर आली ती चांगली साडी नेसून, हातात डबा. तांदळाच्या भाकऱ्या, सुकट. म्हणाली, "चला."

मी तोंड उघडलं. ते वाक्य अगदी जिभेवर होतं, तीन वर्षांची सवय... पण बाहेर आलंच नाही.

कुमारनेच वायरी तात्पुरत्या जोडून दिल्या, म्हणाला, सावकाश न्या. गाडी निघाली तेव्हा खडखड करत होती, टायर चौकोनी झाल्यासारखे. जासई गेल्यावर मऊ झाली. दोन्ही बाजूंना ट्रेलरच्या रांगा, आणि आम्ही मधून, आवाज न करता. खाडीतल्या पाण्यावर ऊन पसरलेलं, खारफुटीवर बगळे. नकाशात बगळे नव्हते हो! मी सारखा शशिकलाकडे बघत होतो, तिने डोळे मिटलेत का म्हणून. नव्हते मिटले. आळीत वळलो. बाबा ओट्यावर बसलेले. ती म्हणाली, "हॉर्न वाजवा."

बाबांना मागे बसवलं. काठी मांडीवर. थोड्या वेळाने म्हणतात, "चालू कर ना रं."

"बाबा, चालू हाय. गाव मागं गेला."

मग ते एकदम दचकले, "मागं कोन बसलाय? पाठ कोन चोलतंय?" शशिकला इतकी हसली, इतकी हसली, मी तिला तशी हसताना लग्नानंतर बघितलीच नव्हती. पुढे मिठागरं होती तिथून गेलो. आता सगळे कंटेनर. बाबांनी काचेवर तळहात टेकवला. म्हणाले, "हितं आमी पाय भाजलं. पाय न टेकता हितून कवाच गेलो नवतो." मी गाडी हळू केली. तीन वर्षं या माणसाला मी साठ किलोमीटरसाठी थांबवून ठेवलं होतं... लाज वाटली हो. आता तुमच्यासमोर सांगताना पण वाटते.

झाले चार महिने त्याला. गाडी दुरुस्त करून घेतली आणि सोळाला देण्यापेक्षा ठेवली. आता म्हातारा सोडत नाही! मोतीबिंदू दाखवायला पनवेल, बहिणीला भेटायला रेवदंडा, शर्यत बघायला कुठल्या कुठे. महाडला तर खरंच गेलो. शशिकलाने थर्मास काढला, "घ्या, पुढे घाट आहे." बॅटरी कमी, म्हणून जागोजागी असं थांबावं लागतं, तुमच्यासारख्यांना पिडावं लागतं. मीटर किती झाला? अकरा हजार दोनशे!

आणि आता ऐका. मगाशी माझा फोन वाजला ना, तो भावेशचा. ओरडतच होता. "काका, गिऱ्हाईक मिळालं! पूर्ण चाळीस देतो! ओवे गावात बंगला बांधलाय, नुसती दारात लावायला गाडी पाहिजे. बॅटरी-बिटरी बघत नाही म्हणतो, त्याची एकच अट आहे, कमी पळालेली पाहिजे. मीटर पाच हजारांच्या आत आहे ना?"

मी मीटर बघितला. मागे बघितलं. सासरे सीटवर पाठ चोळून घेत घोरतायत, शशिकला त्यांच्या उशाशी टॉवेल सरकवतेय. म्हटलं, "भावेश, गाडीचे किलोमीटर वाढले रे... पण त्याला विचार, बैल चालेल का? सरदार आहे. आठ वर्षांत एकदाही पळाला नाही."