चार फूट भिंत

पूर ओसरल्यावर लेक चार्ल्स गावात हार्डवेअरच्या दुकानात मोठी रांग होती. माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा उभे होते.

"आई, पाणी गुडघ्यापर्यंतच होतं. भिजलं तेवढंच कापायचं; चार फुटांपर्यंत भिंत कशाला कापलीस?"

"भिंतीचा नवा जिप्समचा बोर्ड आडवा लावला की बरोबर चार फूट भरतो. मागच्या पुरात तू पाण्याच्या रेषेवरून कापलंस, आणि मी तुकडे जोडत बसले."

"मी म्हणतो, घर विकू. ह्यूस्टनला चल माझ्याकडे."

"रेमी, तो स्क्रूचा डबा दे आधी."

"अगं, आणि सांध्यांत भरायची पुट्टी? ती विसरलीस."

"विसरले नाही. या वेळी पुट्टी लावायचीच नाही. सांध्यावर लाकडी पट्टी मारायची, तीही स्क्रूनं."

"विचित्र दिसेल ते."

"दिसू दे. पुढचं पाणी यायच्या आत सगळे बोर्ड सोडवून माळ्यावर ठेवता येतील."

"म्हणजे तू येत नाहीस."

"तूच ये. एक बोर्ड उचलायला दोन माणसं लागतात. वादळाची बातमी ऐकलीस की नीघ तिकडून."