तीनशे पाचवं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या वाचनालयाचा भार गेली वीस वर्षं वाहणारे आदरणीय नानासाहेब, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले संचालक मंडळाचे सन्माननीय सदस्य, उद्यापासून माझी खुर्ची सांभाळणाऱ्या संस्कृतीताई, आणि समोर बसलेल्या माझ्या वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांनी पुस्तकं अजून परत केलेली नाहीत त्यांच्यासह सगळ्यांनो!

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, वरून इतकं गोड बोललात की हा मोतीराम कोण, आपण ओळखतो का याला, असा प्रश्न मलाच पडला. पिशोरहून एक पत्र्याची पेटी घेऊन मी या शहरात आलो, तेव्हा चिकलठाण्याच्या या वाचनालयात तीन कपाटं होती आणि त्यातल्या एकाला दार नव्हतं. आज सव्वीस कपाटं आहेत. ते श्रेय माझं एकट्याचं नाही, पण तुम्ही देताच आहात तर नाही कशाला म्हणू?

नानासाहेब आत्ता म्हणाले, मोतीरामरावांनी वाचनालयालाच घर मानलं. टाळ्याही पडल्या. नानासाहेब, तुमचा शब्द खोडत नाही, पण मानलं वगैरे काही नाही हो. दुसरं घर उरलं नव्हतं. दोन खोल्या आहेत, तिथं मी फक्त झोपायला जातो. दुपारचा डबा इथंच, रविवारी सुट्टी असली तरी मी इथंच. लोकांना वाटलं, काय हा माणूस, केवढी निष्ठा! निष्ठा कसली, तिकडं बोलायला कोणी नव्हतं.

असो. आज मला एक कबुली द्यायची आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ मला घरी न्यायची नाही.

तुमच्यातल्या पंचवीस ते चाळीस वयाच्या प्रत्येकानं इथून ‘धूम्रगडचे जादूगार’ नेलेलं आहे. सात भाग. वाळूजच्या कारखान्यांतल्या पाळीवरून सुटलेली माणसंसुद्धा पोरांसाठी म्हणून न्यायची आणि बसमध्ये स्वतःच वाचायची, मला सगळं ठाऊक आहे. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोमदत्त नावाचा म्हातारा जादूगार, त्याची शिष्या इरावी. सहाव्या भागात दोघांचं भांडण होतं आणि ती गड सोडून जाते. सातव्यात युद्ध संपतं, गड रिकामा होतो. सोमदत्त वेशीवर दिवा लावतो, दार उघडं ठेवतो आणि बसून राहतो. शेवटची ओळ सगळ्यांना पाठ आहे. ‘दार उघडंच होतं. कोणी आलं नाही.’ पान तीनशे चार. खलास.

मंडळी, ते पुस्तक तिथं संपत नाही.

थांबा, गडबड करू नका, सांगतो. नवं पुस्तक आलं की मी त्याची बांधणी स्वतः करायचो, हे जुन्यांना माहीत आहे. छापखान्याचा डिंक पोरांच्या हाती महिनाभरसुद्धा टिकत नाही. म्हणून कव्हर काढायचं, सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे करायचे, दोऱ्यानं शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा आणि शिकंज्यात दाबायचं. हजारो पुस्तकं शिवली असतील. चुकलो फक्त एकदा. सातव्या भागाच्या आपल्या एकुलत्या प्रतीचा शेवटचा फर्मा शिवायचाच राहिला. तीनशे चारवर प्रकरण बरोबर संपत होतं, त्यामुळं कोणाला शंका आली नाही.

कोणाला म्हणजे, एकीला आली होती. खुशनुमा, तिसऱ्या रांगेत लपू नकोस. आज ही शाळेत गणित शिकवते, तेव्हा सातवीत होती. पुस्तक घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, “सर, ये किताब पूरी नै है. आत लिहिलंय तीनशे वीस पानं, आणि ही तीनशे चारला संपली.” मी म्हणालो, “उरलेली पानं जाहिरातींची असतात, बाई. सगळ्याच गोष्टी गोड होत नसतात.” ही ऐकेल तर ना! “पण सर, तो म्हातारा बसून काय राहिला? उठून तिच्याकडं का नाय गेला?”

मी चिडलो. मी म्हणालो, “बाप असा पोरीच्या दारात जात नसतो.”

पोरीनं पुस्तक टेबलावर ठेवलं. “सर, तो बाप नाय, गुरू हाय,” म्हणाली आणि निघून गेली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

माझी मुलगी तनुजा. तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याच साली या मालिकेचा पहिला भाग आला. संध्याकाळी वाचनालय बंद केलं की आम्ही दोघं इथंच बाकावर बसून मोठ्यानं वाचायचो. सोमदत्तचं बोलणं मी वाचायचं, इरावीचं तिनं. एकट्यानं पुढचं पान उलटायचं नाही, असा आमचा कायदा. दर दोनेक वर्षांनी एक भाग यायचा. एवढ्या गप्पा आम्ही एरवी कधी मारल्या नाहीत. वयात आलेल्या पोरीशी काय बोलावं हे मला कळायचं नाही, मग सोमदत्त बोलायचा.

सातवा भाग आला त्या दिवशी तनुजा बावीस वर्षांची होती. मी फर्मे सुटे करून बसलो होतो. ती आली आणि म्हणाली, “अण्णा, आज संध्याकाळी सुरू करू. पण आधी एक सांगायचंय.” नाशिकला नोकरी लागली होती, आणि तिथल्याच अभय नावाच्या मुलाशी लग्न करायचं होतं. मुलगा आपल्यातला नव्हता. एवढंच. याहून मोठा दोष मला आजही सांगता येत नाही.

मी म्हणालो, “गेलीस तर हे दार विसर.”

तिनं त्या सुट्या पानांवर हात ठेवला. “आणि हे?”

“ते वाचीन मी एकटा.”

ती गेली. मी रागारागानं पुस्तक शिवलं, कुठला फर्मा घेतला, कुठला राहिला, कोण बघतंय! त्याच आठवड्यात एकट्यानं वाचून काढलं, कायदा मोडून. आणि खरं सांगू? शेवट वाचून मला बरं वाटलं. एवढा मोठा जादूगार, तोही वाट बघतोय, त्याचीही येत नाही. म्हणजे असंच असतं, माझं काही चुकलं नाही. तिची दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मात्र दिवसा इथं येताना घराच्या दाराला मी कधी कुलूप लावलं नाही. आली तर दार उघडं असावं म्हणून. तेरा वर्षं झाली. नाशिक किती लांब हो इथून? एसटीनं पाच तास.

गेल्या मंगळवारी संस्कृतीताईंना कार्यभार देताना आम्ही तो जुना शिकंजा हलवला. खालच्या फळीला चिकटलेला एक फर्मा निघाला. पान तीनशे पाच ते तीनशे वीस. मी तिथंच जमिनीवर बसलो. ताई पाणी आणायला धावल्या, त्यांना वाटलं छातीत दुखतंय.

तीनशे पाचव्या पानावरची पहिली ओळ वाचून दाखवतो. ‘पहाटे सोमदत्त उठला, दिवा हातात घेतला, आणि जिला जा म्हटलं होतं तिच्या गावची वाट विचारत निघाला.’

खुशनुमा, तुझं बरोबर होतं, बाई.

पुढं मी वाचलेलं नाही. या पानांची झेरॉक्स संस्कृतीताईंनी काढून टेबलावर ठेवली आहे. ज्यांना मी अर्धं पुस्तक देऊन वर शहाणपण शिकवलं, त्यांनी ती जरूर न्यावी. ताईंना बजावून ठेवलंय, पुढं काय होतं हे मला सांगायचं नाही.

अध्यक्षमहाराज, एक अर्ज आहे. उद्यापासून मी या वाचनालयाचा साधा सभासद. मूळ सोळा पानं आठ दिवसांसाठी माझ्या नावावर लिहून द्यावीत. उद्या सकाळी साडेसातची गाडी आहे, पत्ता आणि फोन नंबर तिच्या त्या दोन पत्रांत आहे. फोन का करत नाही, असं ताईंनी विचारलं. फोनवर तिनं नको म्हटलं तर मी जाणार नाही, मी मला ओळखतो. ती दार उघडेल की नाही, ठाऊक नाही. उघडलंच, तर सोमदत्तचं मी वाचीन. नाहीच उघडलं, तर पानं न उलटता परत आणून देईन.

मागून समोशांचा वास येतोय, म्हणजे माझं बोलणं लांबलं. एवढा वेळ ऐकून घेतलंत, एवढी वर्षं सांभाळून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. या टेबलावरून कोणाला टाकून बोललो असेन, कोणाला चुकीचं पुस्तक दिलं असेल, तर पदरात घ्या. तुमची माफी इथं मागतो. उरलेली नाशिकला मागायची आहे.