तिसऱ्या गाळ्याचे रिव्हेट

— ते निमंत्रण ठेवा बाजूला, साहेब, आणि इकडे उजवीकडे येऊन बसा — तिकडे नको. सोमवारी पहिली जड मालगाडी आपल्या पुलावरून सोडणार आणि तिला हिरवा झेंडा मी दाखवायचा, हो ना? वाचलं मी. दिवेही लावलेत म्हणे, निळे-जांभळे! एकशे सात वर्षांच्या म्हातारीला नटवून उभी केलीत. आधी गंज खरवडला का? कुठला खरवडताय! वरूनच रंग फासलात — नखाने पोपडा काढून बघून आलोय मी.

सोहळ्याच्या पुस्तिकेला पुलाचा इतिहास हवाय? घ्या लिहून. खांबाखांबांमधले सात गाळे, गाळ्यागणिक लोखंड सांधणारे हजारो रिव्हेट, आणि गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत, एकतीस वर्षं, एकेक रिव्हेट मी हातोडीने ठोकून पाहिलाय. घट्ट असला की खणखणीत वाजतो, सैल झाला की बद्द, तडा गेलेल्या कपासारखा. पलीकडून दुसऱ्याने बोट लावलं की हादराही कळतो. एकट्याचा हात पलीकडे पुरत नाही, मग सगळी मदार कानावर. जोडीला माणूस द्या म्हणून अर्ज केले — किती? अकरा! तुमच्या आधीचे साहेब म्हणाले, ‘काका, तुमच्यासारखा कान आहे का दुसऱ्या कुणाचा?’ घ्या! आणि खरं सांगू, मूठभर मांस चढलं हो माझ्या अंगावर. तिथेच घात झाला.

काय? मोठ्याने बोला — हां, सत्कार. शेवटच्या पाच वर्षांत माझ्या वहीत एकही सैल रिव्हेट नाही, म्हणून सत्कार! अहो, एवढा जुना पूल, रोजच्या वीस गाड्या, आणि पाच वर्षांत एकही सैल नाही — तुमच्या कचेरीत कुणालाच नवल वाटलं नाही? आमच्या सुनेला वाटलं. लग्नाला दोन महिने झालेत, पोरीच्या तोंडून शब्द निघत नाही, पण तिसऱ्या दिवसापासून चहा घेऊन येते ती माझ्या उजव्या बाजूनेच. मुलाला इतक्या वर्षांत कळलं नाही; बायकोला तर वाटतं, मी मुद्दामच ऐकत नाही. परवा सूनबाईने माझ्या जुन्या वह्या झटकायला काढल्या, चाळल्या, आणि एवढंच विचारलं, ‘बाबा, कधीपासून?’

नोकरीची शेवटची पाच वर्षं, साहेब. डावा कान पार गेलाय, उजवा अर्धा. सगळेच सारखे वाजायचे मला. पूर्वी सगळ्यात जास्त सैल निघायचे त्या तिसऱ्या गाळ्यावर चढायचो, ठोकायचो, खालचे लोक बघतायत म्हणून मान डोलवायचो, आणि ‘ठीक’ लिहून उतरायचो. त्याच वहीच्या भरवशावर तुम्ही सोमवारी —

असे बघू नका. झेंडा राहू द्या, ही हातोडी न्या. तिसऱ्या गाळ्यापासून सुरुवात करा, धड कानांचा माणूस घेऊन, आणि तोवर गाडी थांबवा — माझं नाव घालून थांबवा. लेखी हवं? सूनबाईने परवाच लिहून ठेवलंय, माझी सहीच तेवढी राहिली होती. ही घ्या. केली.

निघा आता. दार हळू लावा नाहीतर आपटा — मला काय कळणार? बद्द वाजलं तर सूनबाई सांगेल.