मान चिकटवलेली गिटार

कुरिअरच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे एक जोडपं ऑनलाइन घेतलेली जुनी गिटार परत पाठवायला उभं होतं.

“विकणाऱ्याने फोटोत सगळं दाखवलं, मोडलेली मान चिकटवलीय तेवढं लपवलं!”

“मेला लबाड!”

“आधी सांगितलं असतं, तर मी घेतलीच नसती.”

“मग काल दुपारी काय वाजवलं असतंत?”

“तू ऐकलंस?”

“ऐकता ऐकता भाजी करपली माझी.”

“लग्नानंतर पहिल्यांदाच वाजवली गं. बोटं विसरली नव्हती.”

“मग परत कशाला पाठवताय?”

“अगं, त्याने फसवलंय आपल्याला!”

“मग त्याला फोनवर चांगलं झापा. गिटारीवर कशाला राग?”

नवऱ्याने गिटारीचं खोकं उचललं. मग मागे शिंपीणबाईंकडे वळला.

“ताई, तुम्ही व्हा पुढे.”