दुसरी वाटी

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून प्राध्यापक डोळे मिटून बसले होते. मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला. त्यांच्याच प्रयोगशाळेत भांडी घासणाऱ्या बाई आपल्या वहिनीशी बोलत होत्या.

"वीस रसायनं उलटसुलट जोडून हजार रेणू बनवायचे. त्यातला एखादा दुसऱ्या रेणूला खोबणीत धरून तोडेल, ही आशा."

"म्हणजे हजार स्थळं बघायची, एक जमवायचं."

"जमलं म्हणे! रेणू तुटला की पिवळा रंग येतो. एक वाटी पिवळी झाली आणि सर हवेत तरंगायला लागले. उद्या परिषदेत भाषण आहे."

"मग तुम्ही नाक का मुरडताय?"

"वाट्या मी सोड्याने धुते. तीनदा विसळा म्हणून कानीकपाळी ओरडते. शेवटच्या दोन वाट्या त्यांच्या दीडशहाण्या विद्यार्थ्यांनी एकदाच विसळल्या. तो तुटणारा रेणू तर तळाशी राहिलेला सोडाही तोडतो."

"कशावरून?"

"दुसऱ्या वाटीत यांचा हजारातला हिरा घातलाच नव्हता. बाकी सगळं तेच, ताडून बघायला ठेवली होती ती. तीही पिवळी!"

"सरांनी बघितली नाही?"

"तिच्याकडे बघायला सवड कुणाला? आणि भांडीवालीला विचारलं तर पदवीला डाग लागेल."

प्राध्यापकांनी डोळे मिटलेलेच ठेवून मान मागे वळवली.

"बाई, त्या दुसऱ्या वाटीला रंग यायला किती वेळ लागला?"



"वीस मिनिटं, सर. तुमच्या वाटीपेक्षा पाच मिनिटं लवकर."