जुन्या घराचा नकाशा

नगरपालिकेच्या अभिलेख कक्षात, खिडकीशी माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांची वृद्ध आई उभी होती. आतून कारकून बोलत होता.

“नकाशा सापडला. पण घर तर रस्त्यात गेलं. आता नक्कल कशाला?”

“आई नव्या घरातही जुन्याच वाटेनं चालते, साहेब. दोनदा भिंतीवर आपटून पडली. नकाशा बघून सामान तसं लावीन म्हणतो.”

“मालकाची सही लागेल.”

“मालकीण मीच. बघू इकडे. बाळ, हे मागचं दार तुझ्या बाबांनी बुजवलं होतं.”

“मला नाही आठवत, आई.”

“आणि निघालास घर लावायला.”

“आजी, ही नक्कल घ्या, ही पेन्सिल. तुमची वाट तुम्हीच काढा.”

“सरळ जायचं. पायांवर ऊन आलं की डावीकडे.”